ईस्टरला आनंद करताच येत नसेल तर?

ताई, तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला आणि लगेच उत्तर लिहायचं मुद्दाम टाळलं, कारण असल्या प्रश्नाला पटकन दिलेलं उत्तर बहुतेक वेळा चुकतं, हे मी चुका करूनच शिकलोय. इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मिस्टर जानेवारीत गेले, वय अठ्ठेचाळीस, दोन वर्षं डायलिसिस चालू होतं. दुकानावरचं कर्ज तसंच आहे, मुलाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, आणि चर्चच्या मंडळीत सगळे म्हणतायत की ईस्टर म्हणजे आशेचा सण, आता रडायचं नाही, प्रभू उठलाय. तुम्ही विचारलंय की ती आशा मला का दिसत नाही, माझा विश्वास कमी पडतोय का, आणि यंदा ईस्टरला चर्चला गेलेच नाही तर चालेल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. चालेल. प्रभू काही हजेरीपट घेऊन दारात उभा नाहीये. बाकीच्या दोन प्रश्नांना मात्र जरा वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

मी एकतीस वर्षं पाळक म्हणून काम केलं, पहिली बरीचशी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि शेवटची नऊ एका हॉस्पिटलमध्ये चॅप्लन म्हणून, म्हणजे आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसणं हेच माझं मुख्य काम. ईस्टरचे उपदेश किती केले ते मोजलं नाही. त्यातला पहिला मात्र चांगला लक्षात आहे कारण तो पूर्ण फसला.

नवीन होतो, सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या कॉलेजातून, ताजा बाहेर पडलेला, उपदेश पाठ करून आलो होतो. मंडळीतल्या एका घरातला सात वर्षांचा पोरगा ईस्टरच्या अकरा दिवस आधी साप चावून गेला होता. आई उपासनेला आली, मागच्या चटईवर बसली आणि अख्खा वेळ पदरात तोंड घालून रडत होती, आणि मी शहाणा, उपासना झाल्यावर तिच्याजवळ जाऊन म्हणालो, बाई रडू नका, आज आनंदाचा दिवस आहे. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "साहेब, तुमचा तिसऱ्या दिवशी आला. माझ्याला आज अकरा दिवस झाले."

मला काही सुचेना. आजही त्यावर पटकन टाकता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे असेल त्याच्यापासून जरा सांभाळून राहा असंच मी म्हणेन. त्या दिवशी मंडळीतली एक म्हातारी आजी पुढे आली, मला हाताने बाजूला सारलं, अक्षरशः बाजूला सारलं, त्या बाईला उठवून आपल्या घरी घेऊन गेली आणि पिठलं-भाकरी खायला घातली. नंतर कळलं की ती आजी आठवडाभर रोज संध्याकाळी डबा घेऊन जात होती आणि काहीही न बोलता बसून येत होती. माझ्या उपदेशातलं एक वाक्य त्या बाईला आठवत नसणार, पण तो डबा आठवत असेल. हा डबा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

तर मुद्दा असा, की आपल्याकडे ईस्टर साजरा करायची जी पद्धत पडलीय ना, पांढरे कपडे, लिलीची फुलं, कॉयरचं मोठं गाणं, मग घरी मटण कारण चाळीस दिवस सोडलेलं असतं, त्यात काही वाईट नाही, मलाही मटण आवडतं. पण त्यामुळे असं वाटायला लागतं की पहिला ईस्टर असाच झाला असेल, सगळे नाचत-गात. शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं, उघडून बघा. एकाही माणसाला ईस्टर आनंदात असताना भेटलेला नाही. एक बाई रडतेय, दोघं सगळं सोडून गाव धरून निघालेत, दहा-अकरा जण दाराला कडी घालून बसलेत, एक जण आपल्या जुन्या धंद्यावर परत गेलाय. मार्कचं शुभवर्तमान तर चौथ्या शतकातल्या सगळ्यात जुन्या मोठ्या हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवरच संपतं, आणि ती संपते कुठे, तर बायका कबरेपासून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत कारण त्या भ्याल्या होत्या. बस्स. पुढच्या ओव्या नंतर जोडलेल्या आहेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ईस्टरच्या सकाळी पहिली भावना भीती होती, आणि त्या बायकांना विश्वास कमी म्हणून कोणी नाव ठेवलेलं नाही. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही, तुमचा विश्वास कमी पडत नाहीये. तुम्ही फक्त त्या सकाळच्या आधीच्या तासात आहात. योहान स्पष्ट लिहितो की मग्दालीया मरीया कबरेकडे गेली तेव्हा अजून अंधार होता.

मग्दालीया मरीयेचं जरा निवांत बघू, कारण मला तो प्रसंग हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये इतक्या वेळा दिसलाय. ती कबरेत डोकावते, आत दोन देवदूत बसलेत, पांढऱ्या कपड्यांत. आपल्यापैकी कोणी असतं तर बेशुद्ध पडलं असतं. तिला काही फरक पडत नाही! ते विचारतात बाई का रडतेस, ती उत्तर देते आणि पाठ फिरवते. दुःखातलं माणूस असंच असतं, समोर देवदूत आला तरी त्याला आपलं माणूस हवं असतं. मग मागे येशू उभा आहे पण तिला तो माळी वाटतो, आणि ती म्हणते, साहेब तुम्ही त्याला उचललं असेल तर कुठे ठेवलंय सांगा, मी घेऊन जाईन. एकटी बाई, मोठ्या माणसाचं प्रेत, कसं नेणार होती? हे विचारायचंच नसतं. माझ्यासमोर एका मुलीने वडील गेल्यावर तासभर फक्त त्यांचा चष्मा शोधलाय, बेडखाली, गादीखाली, सिस्टरांच्या टेबलावर, आणि मीही तिच्याबरोबर गुडघ्यावर बसून शोधला कारण त्या वेळी तेवढंच करण्यासारखं होतं. तर येशू त्या मरीयेला पुनरुत्थानाचा धडा शिकवत बसत नाही. तो फक्त नाव घेतो, मरीये. एक शब्द. तेवढ्यावर ती वळते.

म्हणून मी सांगतो की ईस्टरची आशा म्हणजे आधी एक मत पटवून घेणं नाही. तुम्हाला मेलेल्यातून उठणं वगैरे आज डोक्याने पटत नसेल, नसू दे. आज तुमच्या नावाने तुम्हाला कोण हाक मारतंय बघा, 'अमक्याची विधवा' म्हणून नाही, नावाने. असं एक माणूस असेल तर त्याला धरून ठेवा.

आता गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मधल्या शनिवारबद्दल बोलतो, कारण तुम्ही जिथे आहात तो शनिवार आहे आणि आपल्या मंडळ्यांत शनिवारचं कोणी बोलतच नाही. शुक्रवारी बारा ते तीन क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात (आणि त्यातले दोन तरी वेळ संपली तरी थांबत नाहीत, हे सगळीकडे सारखंच), रविवारी पहाटे गाणी, आणि मधला दिवस केक आणायचा नि कपड्यांना इस्त्री करायचा. बायबलमध्येही त्या दिवसाबद्दल जवळजवळ काहीच नाही. मत्तय पहारेकरी बसवल्याचं सांगतो. लूक एका ओळीत संपवतो, की शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, होता म्हणून बायका आज्ञेप्रमाणे स्वस्थ राहिल्या. सगळं संपलंय आणि पुढे काही होणार आहे हे माहीत नाही, त्या दिवशी त्या फक्त स्वस्थ राहिल्या. देवाने त्या दिवशी काही बोलल्याची नोंद नाही. माझ्या मते बायबलमधली ही सगळ्यात प्रामाणिक जागा आहे, कारण आपलं आयुष्य बहुतेक तिथेच जातं, रिपोर्ट यायच्या आधी, कोर्टाच्या तारखेच्या आधी, माणूस गेल्यानंतरच्या त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जेव्हा पाहुणे परत गेलेले असतात आणि फोन यायचे कमी होतात.

त्या शनिवारी वाचायला मी लोकांना ८८ वं स्तोत्र देतो. इतर बहुतेक तक्रारीची स्तोत्रं शेवटी वळण घेतात, रडून रडून शेवटी स्तुतीवर येतात, हे येत नाही. हे अंधारातच संपतं. काही लोक वाचून घाबरतात की पाळकांनी हे कसलं दिलं. पण एका बाईने, नवऱ्याची केमो चालू असताना, मला सांगितलं की देवाच्या पुस्तकात हेही लिहिलंय म्हणजे मी जे बोलते ते पाप नाही, एवढं कळलं आणि मला महिन्याने झोप लागली. येशूने क्रूसावर जे ओरडून म्हटलं, माझ्या देवा तू माझा त्याग का केलास, तेही त्याने स्वतः तयार केलेलं वाक्य नाही, ती २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे तोही पिढ्यानपिढ्या लोकांनी रडताना वापरलेलेच शब्द वापरत होता. तुम्ही पण वापरा. रागाने वापरा. त्याला चालतं.

'प्रभूची इच्छा' हे जे तुम्हाला लोक म्हणतात त्याबद्दल एकच वाक्य. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशूला माहीत होतं की आपण त्याला पाच मिनिटांत उठवणार आहोत, तरी तो रडला, तो म्हणाला नाही की बापाची इच्छा होती. प्रेषित पौलानेही थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिताना, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका असं म्हटलंय, शोकच करू नका असं कुठे म्हटलंय? लोक वाक्य अर्धंच वाचतात.

आता येशूच्या कबरेवरच्या धोंडेबद्दल. मार्कमध्ये तीन बायका निघतात, मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. शब्बाथ संपल्यावर, म्हणजे शनिवारी संध्याकाळी, दुकानं उघडल्यावर त्यांनी सुगंधी द्रव्यं विकत घेतली, आणि सकाळी वाटेवर त्या एकमेकींना विचारतायत की आपल्यासाठी कबरेच्या तोंडावरून धोंड कोण लोटील. हे बघा, त्यांना प्रश्न माहीत होता. उत्तर नव्हतं. आणि तरी त्या निघाल्या होत्या. घरी बसून आधी धोंडेचा बंदोबस्त करू, मग जाऊ, असं त्यांनी केलं नाही. मला विचाराल तर ईस्टरची आशा बायबलमध्ये पहिल्यांदा इथे दिसते, रिकाम्या कबरेच्याही आधी, त्या तीन बायकांच्या चालण्यात. मनात आशा वाटत होती का? अजिबात नाही, त्या प्रेताला लावायला मसाला घेऊन चालल्या होत्या. पण पाय चालत होते.

तुमच्या बाबतीत धोंड म्हणजे कर्ज, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. तर पाळक असूनही जरा व्यवहाराचं बोलतो, कारण आयसीयूबाहेर नऊ वर्षं बसून प्रार्थनेइतकेच फॉर्म पण भरलेत. मिस्टरांचं बँक पासबुक काढा आणि दरवर्षी मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कट झालेत का बघा. झाले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची रक्कम आहे, त्यात मृत्यू कशानेही झाला तरी वारसाला दोन लाख मिळतात, आणि कितीतरी बायकांना माहीतच नसतं की नवऱ्याने बँकेत कुठेतरी सही केली होती. उशीर करू नका, मृत्यूचा दाखला घेऊन त्या शाखेत जा, जमलं तर कोणाला तरी बरोबर घेऊन. कर्ज देणाऱ्या बँकेत पण विचारा की लोनला विमा जोडलेला होता का, बऱ्याचदा असतो आणि ते आपणहून सांगत नाहीत. तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेचं विचारून ठेवा, उत्पन्नाची अट आहे, बसलं तर बसलं. यात काही आध्यात्मिक नाही असं कोणी म्हणेल. त्या बायकांनी शनिवारी संध्याकाळी बाजारात जाऊन द्रव्यं घेतली हेही मग आध्यात्मिक नव्हतं.

सगळं सोडून अम्माऊस गावाकडे निघालेल्या त्या दोघांचं फार लांबवत नाही कारण त्यावर सगळेच उपदेश करतात. एकच सांगतो, तिथे ते दोघं वाटसरूला म्हणतात, आम्हाला आशा होती की. होती. भूतकाळ. आणि येशू लगेच 'अरे मीच तो' म्हणत नाही, आधी विचारतो तुम्ही काय बोलत चाललाय, आणि त्यांना सगळं सांगू देतो, जे त्याला आधीच माहीत आहे. मग साधारण अकरा किलोमीटरची वाट, म्हणजे आपल्या चालीने अडीच-तीन तास, तो बरोबर चालतो. सांत्वनाला जाणाऱ्यांनी हे शिकावं. पहिली दहा मिनिटं तोंड बंद.

पण मला तुम्हाला खरं तर किनाऱ्यावरचा नाश्ता दाखवायचाय. योहानाचा एकविसावा अध्याय. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो मी मासे धरायला जातो, म्हणजे परत जुना धंदा. रात्रभर काही मिळत नाही. पहाटे किनाऱ्यावर कोणीतरी उभा आहे, तो जाळं उजवीकडे टाका म्हणतो, मासे मिळतात, १५३, कोणीतरी मोजलेत म्हणजे मच्छीमारच होते ते, कितीही चमत्कार झाला तरी माल मोजल्याशिवाय सोडणार नाहीत. पेत्र पाण्यात उडी मारून किनाऱ्याला येतो आणि बघतो तर कोळशांचा विस्तव पेटवलेला, त्यावर मासळी, आणि भाकर.

हा कोळशांचा विस्तव ग्रीकमध्ये ज्या शब्दाने लिहिलाय तो शब्द अख्ख्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एक इथे. दुसरा अठराव्या अध्यायात, महायाजकाच्या अंगणात, थंडी होती म्हणून शिपायांनी कोळसे पेटवले होते आणि पेत्र त्यापाशी शेकत उभा राहून म्हणाला होता की मी त्याचा शिष्य नाही. तोच वास, तोच धूर. येशूने मुद्दाम त्याच आगीपाशी त्याला बसवला. आणि काय केलं? आधी खायला घातलं. प्रश्न नंतर, जेवण आधी. 'माझ्यावर प्रीती करतोस काय' हे तीनदा विचारलं ते खाणं झाल्यावर.

मी हे वाचतो तेव्हा मला ती पिठल्याची आजी दिसते. तिने काही सेमिनरी केली नव्हती.

आणि दुसरी गोष्ट, जी मला वयाच्या पन्नाशीनंतर कळली, की उठलेल्या येशूच्या अंगावर जखमा तशाच आहेत. शिष्य थोमाला तो हात दाखवतो, कूस दाखवते... माफ करा, दाखवतो, मोबाईलवर टाईप करतोय. देव मेलेल्याला उठवू शकतो तर दोन खिळ्यांची भोकं भरू शकला नसता? भरली नाहीत. म्हणजे ईस्टर झाला म्हणजे शुक्रवार झालाच नव्हता असं होत नाही. हे मी तुम्हाला यासाठी सांगतोय की काही लोक तुम्हाला सांगतील काळ गेला की सगळं ठीक होतं, आणि तुम्हाला भीती वाटेल की सगळं ठीक झालं तर तो माणूस माझ्यातून पुसला जाईल. नाही पुसला जात. व्रण राहतो. एका बाईने नवऱ्याची डायलिसिसची फाईल चार वर्षं कपाटात ठेवली होती आणि मला लाजत विचारलं की फेकायला पाहिजे का. कशाला फेकायला पाहिजे?

दार बंद करून बसणाऱ्यांबद्दल पण बोलायला हवं. २०२० चा ईस्टर १२ एप्रिलला होता, कडक लॉकडाऊन, चर्चला कुलूप, मी स्वयंपाकघरात फ्रीजला मोबाईल टेकवून उपासना घेतली, मध्येच कुकरची शिट्टी झाली. तेव्हा पहिल्यांदा योहान विसाव्या अध्यायातलं ते वाक्य नीट वाचलं, की पहिल्या ईस्टरच्या संध्याकाळी शिष्य दारं बंद करून बसले होते, भीतीने. म्हणजे आम्ही त्या वर्षी ईस्टर चुकवला नव्हता, उलट जवळजवळ तसाच केला होता. पुढच्या वर्षी ४ एप्रिलला ईस्टर आला आणि लगेच दुसरी लाट, त्या महिन्यात मी जेवढे दफनविधी केले तेवढे आधी कधीच केले नव्हते, चार माणसं पीपीई किटमध्ये आणि मी लांबून मोठ्याने वाचतोय, घरचे व्हिडिओ कॉलवर. विश्वास टिकला का असं मला विचारतात लोक. काही दिवस नव्हता. त्या दिवसांत मी पुस्तकातलं जसंच्या तसं वाचायचो, मनात काही नसायचं, आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी 'आमेन' म्हणायचं. त्यांच्या आमेनवर माझं चाललं. मंडळी असते ती यासाठीच असते, तुम्हाला गाता येत नाही तेव्हा शेजारची बाई तुमच्या वाटणीचं गाते. पुढच्या वर्षी कदाचित तुम्ही तिच्या वाटणीचं गाल.

आता 'पण तो खरंच उठला का' हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही पण तो आत असतो, म्हणून थोडं. मी सिद्ध करून देऊ शकत नाही. मी एवढं बघतो की इ.स. ५५ च्या आसपास पौल करिंथच्या मंडळीला लिहितो आणि म्हणतो की हे मला मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, ज्यांनी त्याला बघितलं त्यातले बरेच अजून जिवंत आहेत, म्हणजे जाऊन विचारा. आणि त्याच अध्यायात तो स्वतःच कबूल करतो की ख्रिस्त उठला नसेल तर आपण सगळ्यांपेक्षा केविलवाणे आहोत. त्याने परतीचा रस्ता ठेवलेला नाही. अठ्ठावन्न ओव्यांचा तो अध्याय, मरणा तुझी नांगी कोठे पर्यंत चढत जातो, आणि शेवटी येतो कुठे? तर तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, यावर. काम करत राहा. आणि त्याच्या पुढची ओळ, आज सोळाव्या अध्यायाची पहिली ओवी, पण अध्याय तर तेराव्या शतकात पाडले, पौलाच्या पत्रात ती सलगच होती, ती ओळ आहे, आता वर्गणीविषयी! यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे गोळा करायचे होते. एवढ्या मोठ्या पुनरुत्थानानंतर थेट वर्गणी. आमच्या मंडळीचे खजिनदार या ओवीवर फार खूश असतात.

पंडिता रमाबाईंचं बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, पदरात वर्षाचीही नसलेली मुलगी. त्या मनोरमेने मोठी होऊन केडगावला मुक्ती मिशनचं काम खांद्यावर घेतलं आणि १९२१ मध्ये तीही आईच्या आधी गेली. बाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं होतं आणि ते टाकलं नाही. नांगी कोठे ही ओळ एवढी मरणं बघितलेल्या बाईने मराठीत लिहिलीय. मला तिचा आनंदी फोटो बघितल्याचं आठवत नाही. पण केडगावला दुष्काळातून आलेल्या शेकडो पोरी जेवत होत्या.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. दुःख वेगळं आणि आजार वेगळा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, किंवा आपण नसलेलं बरं असे विचार येत असतील तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर पण लागतो, त्यात अविश्वास काही नाही. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलालाही देऊन ठेवा, बाप गेलेला आणि परीक्षा तोंडावर आलेली, पोरं बोलत नाहीत.

तर यंदा ईस्टरला काय करायचं. मुख्य उपासनेला नका जाऊ वाटत नसेल तर, तिथे सगळे येऊन हात हातात घेतात आणि तेच तेच बोलतात, थकवा येतो. पण तुमच्या मंडळीत पहाटे कब्रस्तानात जायची पद्धत असेल, आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी आहे, तर तेवढं करून बघा. शनिवारी दुपारी मुलाला घेऊन जा, कबरेवरचं गवत काढा, चुना मारायचा असेल तर मारा, नळाला पाणी कमी असतं म्हणून घरूनच कॅन भरून न्या. रविवारी पाच वाजता, अंधार असतानाच. तिथे कोणी कोणाला रडू नका म्हणत नाही, कारण सगळे आपापल्या माणसाजवळ उभे असतात, कोणी उदबत्ती लावतं, कोणी लहान पोराला आजोबांचं नाव वाचून दाखवतं, मग कुठून तरी एक जण गाणं सुरू करतो, सूर नेहमी जरा वरचाच लागतो, आणि बाकीचे लांबून लांबून, कबरींच्या मधून, धरतात. तुम्ही नाही धरलं तरी चालतं.

मेणबत्ती वाऱ्याने विझते, दरवर्षी सगळ्यांची विझते आणि सगळे काड्या संपवत बसतात. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली मधून कापून घ्या, वरचा भाग मेणबत्तीवर उपडा ठेवा, बूच काढून. आणि थर्मासमध्ये चहा न्या, तीन-चार कप जास्तीचा, शेजारच्या कबरीपाशी कोणीतरी यंदा पहिल्यांदाच आलेलं असतं.